गुरुजींच्या नसेतली खरखर

बनारसमधल्या आमच्या दुर्गाघाटच्या गल्लीत मी 'इलेक्ट्रॉनिक्सवाले भैया' म्हणून ओळखला जातो, आणि गल्लीने त्याचा लावलेला अर्थ असा की मला मिक्सर दुरुस्त करता येतो. मला येत नाही. नोकरीत असताना दर रविवारी आणि निवृत्त झाल्यापासून कुठल्याही वारी कोणीतरी बंद पडलेला पंखा, मुका झालेला रेडिओ नाहीतर पाण्यात पडलेला मोबाईल घेऊन दारात उभं असतं. मी नाही म्हटलं की समोरचा माणूस माझ्याकडे दयेने बघतो. "इतने बड़े इंजीनियर हैं, पंखा नहीं बनता?" मग आतून आमची सौ. टेस्टर आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन येते, पंखा उघडते आणि चहाला उकळी येईपर्यंत तो फिरायला लागतो. त्यामुळे गल्लीत तिचा मान मोठा आहे, माझा यथातथाच.

तर मी इतकी वर्षं काय करत होतो, हे या दिवाळीला एकदाचं लिहून टाकतो, म्हणजे निदान जे वाचतील ते तरी पंखे आणणार नाहीत.

मी नसांचं बोलणं ऐकणारी सर्किटं बनवत होतो. तुम्ही मूठ मिटायची ठरवलीत की मेंदू तसा हुकूम सोडतो, आणि तो हुकूम नसेतून विजेच्या रूपाने हातापर्यंत जातो. आता ही वीज किती? भिंतीतल्या प्लगमध्ये जी वीज असते, तिच्यापुढे ही इतकी क्षुद्र की तुलना करायचीही लाज वाटावी. दारावरून लग्नाची वरात बँड वाजवत चालली आहे आणि माजघरात आजोबा ओठांतल्या ओठांत काही पुटपुटताहेत, ते पुटपुटणं तेवढं वेगळं ऐकायचं, असं ते काम. त्यासाठी नखाएवढी चिप बनवायची. ती शरीरात बसवतात, म्हणून ती तापता कामा नये, नाहीतर आतलं मांस शेकलं जाईल. तिने वीज अगदी चमच्याचमच्याने खायची, कारण सेल बदलायला माणसाला पुन्हा फाडता येत नाही. आणि सगळ्यात कठीण म्हणजे तिने स्वतः गप्प बसायचं. प्रत्येक सर्किट आपलं आपलं थोडं खरखरत असतं. नसेचा आवाज त्या खरखरीखाली बुडाला की खेळ खलास. सर्किटांना कमी बोलायला लावण्यात माझं सगळं आयुष्य गेलं. सौ. म्हणते, ती कला तुम्ही घरातही वापरलीत.

या धंद्यात मी पुष्कळ नसा ऐकल्या, पण सांगण्यासारखी एकच आहे. ती दामूगुरुजींची.

दामोदरशास्त्री, म्हणजे सगळ्या गल्लीचे दामूगुरुजी, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहतात. त्यांच्या घराच्या पुढच्या दालनात पाठशाळा भरते. आमच्या वडिलांचं स्वप्न मी वैदिक व्हावं असं होतं, म्हणून मुंज झाल्याबरोबर त्यांनी मला तिथे नेऊन बसवलं. गुरुजी तेव्हा तरुण होते, मला मात्र ते जन्मतःच म्हातारे वाटायचे.

आमच्या शाखेत वेद नुसता तोंडाने म्हणत नाहीत, हाताने पण म्हणतात. स्वर चढला की उजवा हात वर, उतरला की खाली, आणि मधला स्वर आला की बाजूला. शिवाय बोटांच्या खुणा. शब्दाच्या शेवटी 'म्' आला की मूठ मिटायची, विसर्ग आला की बोटं उघडायची, असं बरंच काही. तोंड चुकलं तर एक वेळ गुरुजी ऐकून घेत, हात चुकला तर तोच हात पुढे येऊन आपला कान धरी. माझा कान रोज धरला जाई, कारण विसर्गाला माझी मूठ कधी उघडतच नसे. उघडणार कशी? तिच्यात रेडिओवाल्याच्या दुकानातून आणलेला ट्रान्झिस्टर असायचा. तीन पायांचा तो किडा मला इतका आवडे की तो खिशात ठेवणं मला सुरक्षित वाटत नसे. एक दिवस गुरुजींनी माझी मूठ बळेच उघडली, आत पाहिलं, आणि ती पुन्हा मिटून दिली. दुसऱ्या दिवसापासून मी पाठशाळेऐवजी रेडिओच्या दुकानात जाऊन बसू लागलो. वडिलांना हे कळलं तेव्हा शाळेच्या परीक्षेचा निकाल लागला होता आणि त्यात मला गणितात चांगले मार्क मिळाले होते, म्हणून वाचलो.

माझ्या निवृत्तीच्या आधीची गोष्ट. गुरुजी संकठा घाटावर स्नानाला गेले असताना शेवाळावर पाय घसरला. सावरायला त्यांनी हात पुढे केला, आणि नेमकी त्याच वेळी एक नाव येऊन पायरीला भिडली. हात नाव आणि दगड यांच्या मध्ये सापडला. उजवा हात. वाचवायचे प्रयत्न झाले, पण जखम चिघळली आणि शेवटी कोपराच्या खाली तो काढावा लागला.

पाठशाळा बंद पडली. गुरुजींचा आवाज पहिल्यासारखाच खणखणीत होता, पण ते म्हणत, हात नाही तर मी शिकवू काय? डाव्या हाताने स्वर दाखवत नाहीत. नुसतं थोटूक वरखाली केलं तर पोरांना वर-खाली कळेल, मूठ कुठे मिटायची ते कसं कळणार? पोरं बिचारी पुढे बसून राहत आणि गुरुजी खिडकीतून गंगेकडे बघत राहत. मग हळूहळू पोरंही येईनाशी झाली.

त्याच सुमारास इस्पितळाला जोडलेल्या आमच्या संशोधन संस्थेला अशी माणसं हवी होती की ज्यांचा हात गेलाय पण हाताला जाणारी नस शाबूत आहे. कल्पना अशी की त्या नसेवर बारीक तारा बसवायच्या, त्यांना माझी चिप जोडायची, आणि मेंदूचा 'मूठ मिट' हा हुकूम पकडून त्यावर मोटरचा हात चालवायचा. शस्त्रक्रिया करणार होत्या डॉ. मिश्रा. त्या अस्सल बनारसी, तोंडाने फटकळ आणि हाताने अतिशय नाजूक. मी गुरुजींना विचारायला गेलो.

गुरुजींनी चिप तळहातावर घेऊन न्याहाळली. "यात चामडं, हाड असं काही नाही ना रे, विन्या?"

"नाही गुरुजी. वाळूपासून बनते ही."

"कुठली वाळू? गंगेची?"

"नाही."

"मग काय उपयोग," गुरुजी म्हणाले, पण चिप त्यांनी परत दिली नाही. हळूच विचारलं, "मूठ मिटेल?"

"मिटेल."

"आणि उघडेल?"

मी हो म्हणालो. काकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, आतून म्हणाल्या, "तुझी तर उघडत नव्हती, ह्यांची कशी उघडवशील?" काकूंचं माहेर इंदूरचं आणि स्मरणशक्ती फार धोक्याची.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. जखम भरली. एक दिवस गुरुजींना खुर्चीत बसवून आम्ही पहिल्यांदा ऐकायला घेतलं. नसेचा आवाज आम्ही स्क्रीनवर रेषेच्या रूपात बघतो आणि स्पीकरवरही लावतो, कारण डोळ्यांपेक्षा कानाला फरक लवकर कळतो. आधी नस शांत असताना ऐकायचं, मग हुकूम सोडल्यावर ऐकायचं. दोन्हींतला फरक तोच आपला माल.

"गुरुजी, आराम से बैठिए। कुछ मत कीजिए," डॉ. मिश्रा म्हणाल्या.

गुरुजी आराम से बसले. स्पीकरमधून खरखर खरखर, खर्र, खरखर असा आवाज येऊ लागला.

"अब मुट्ठी बंद कीजिए। मन में।"

खरखर खर्र खरखर. फरक शून्य.

इथून पुढे जे झालं त्याला आमच्या धंद्यात शोधकार्य म्हणतात. वास्तविक ती एकमेकांवर ढकलाढकली असते. खरखर येते म्हणजे कुठेतरी बाहेरची वीज घुसते आहे. पहिला संशय अर्थिंगवर. आमच्या प्रयोगशाळेचं अर्थिंग मागच्या आवारात होतं. जमिनीत तांब्याची पट्टी पुरून वर विटांचं छोटं कुंड बांधलेलं, त्यात रोज पाणी ओतायचं, म्हणजे माती ओली राहते आणि फालतू वीज जमिनीत निघून जाते. हे पाणी आमचा तंत्रज्ञ रामाश्रय ओतायचा, आणि बादली सापडत नाही म्हणून पितळी लोट्याने ओतायचा. आता बनारसमध्ये एक माणूस रोज सकाळी कुंडात लोट्याने पाणी घालतो, हे पाहिल्यावर लोक गप्प बसतील का? आम्ही तपासायला गेलो तेव्हा कुंडात बेलाची पानं, झेंडूचे हार आणि एक उदबत्तीचं घर होतं. बाह्यरुग्ण विभागातल्या रोग्यांचे नातेवाईक रांगेने जल चढवत होते. एका बाईंनी मला चप्पल काढायला लावली. अर्थिंग मोजलं तर ते संस्थेच्या स्थापनेपासून इतकं सुरेख कधीच नव्हतं, म्हणून आम्ही सगळं तसंच राहू दिलं.

पुढचा संशय बाहेर चार्ज होणाऱ्या ई-रिक्षांवर. त्या हलवल्या, म्हणजे हलवायला सांगितल्या, आणि भांडण करून परत आलो. मग इन्व्हर्टर बंद केला. मग खोलीच्या सगळ्या भिंतींना तांब्याची जाळी ठोकली. मग डॉ. मिश्रांनी गुरुजींच्या तोंडात पान नाही ना ते बघितलं, कारण चावताना जबड्याचे स्नायू मोठा आवाज करतात. गुरुजी फार दुखावले. सोवळ्यात पान!

खरखर जशीच्या तशी.

आता संशयाला एकच जागा उरली. माझी चिप. मी तिला मिठाच्या पाण्यात बुडवून ऐकलं, ती मुनीसारखी गप्प. पण गुरुजींच्या हातात बोलते, हे सगळ्यांना दिसत होतं. प्रकल्पावर देखरेख ठेवणारी एक समिती होती. तिच्यातल्या एका साहेबांनी मला अतिशय गोड आवाजात विचारलं, "आपल्या डिझाइनमध्ये काही राहून गेलं का हो?" मला तो माणूस आजही आवडत नाही. समितीने ठरवलं की पुढच्या बैठकीपर्यंत खरखर गेली नाही, तर गुरुजींच्या हातातल्या तारा काढून घ्यायच्या. म्हणजे पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा जखम, आणि नंतर त्या नसेला कोणी हात लावणार नाही.

हे गुरुजींना सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्यांनी ऐकून घेतलं. "म्हणजे हात नाही?" एवढंच म्हणाले. मी म्हणालो, अजून नक्की नाही. त्यांनी थोटुकावर उपरणं ओढून घेतलं आणि विषय बदलला.

बैठकीच्या आधीचं शेवटचं सत्र दुपारी होतं. काकूंनी डब्यातून खिचडी आणली होती. गुरुजींनी ती खाल्ली आणि आम्ही यंत्रं लावीपर्यंत खुर्चीतच त्यांचा डोळा लागला. त्याबरोबर स्पीकर गप्प झाला. रेषा सपाट.

"तार निकल गई!" डॉ. मिश्रा ओरडल्या.

त्या ओरडण्याने गुरुजी जागे झाले, आणि खरखर खर्र खरखर परत सुरू. तार जागेवरच होती. आता हे काय गौडबंगाल? माझी चिप माणूस झोपला की झोपते आणि उठला की उठते, इतकी मी ती हुशार बनवली नव्हती.

मी डोळे मिटून नुसता ऐकत बसलो. खर, खर, खर्र. खर, खर्र. किती वेळ ऐकलं कोणास ठाऊक. डॉ. मिश्रांनी माझ्या खांद्याला हात लावला.

"सर, आप ये क्या कर रहे हैं?"

मी डोळे उघडले. माझा उजवा हात टेबलावर हलत होता. वर, खाली, बाजूला. खर्र आलं की मूठ मिटत होती. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांनी तो आपणहून, स्पीकरच्या तालावर, पाठशाळेतला हात झाला होता.

मला जे हसू फुटलं ते आवरेना.

"गुरुजी," मी कसंबसं विचारलं, "तुम्ही आत्ता काही म्हणताय का?"

"छे. तोंड बंद आहे माझं."

"मनात?"

"मनात चालूच असतं की. रोजचा पाठ. उठल्यापासून झोपेपर्यंत चालतो तो."

"पण डॉक्टर म्हणाल्या होत्या ना, काही करू नका!"

गुरुजी माझ्याकडे असे बघू लागले की जणू मी अजून नऊ वर्षांचाच आहे. "मग मी करत कुठे होतो? पाठ म्हणजे काय करणं आहे का रे? श्वास घेतो तसा तो होतो."

झालं होतं ते इतकंच. गुरुजी मनात वेद म्हणत होते, आणि नसलेल्या हाताने तो बरोबर दाखवत होते. हात गेला होता, हाताचा अभ्यास गेला नव्हता. आम्ही ज्याला खरखर म्हणून भिंतींना तांबं ठोकत होतो, तोच आमचा माल होता. आणि ती खरखर चिपची नव्हती हे मी इथे मुद्दाम ठळक लिहितो आहे, तो गोड आवाजाचा साहेब दिवाळी अंक वाचतो असं ऐकलं आहे.

डॉ. मिश्रांना मी हिंदीत समजावलं. त्यांनी पहिल्यांदा एक अस्सल बनारसी वाक्य उच्चारलं, जे इथे छापता येणार नाही, आणि मग गुरुजींना वाकून नमस्कार केला.

पण अडचण पुढेच होती. मूठ मिटण्याची खूण सापडली, कारण 'म्'पाशी येणारा तो खर्र आता ओळखता येत होता. विसर्गापाशी बोटं उघडण्याचीही सापडली. नुसतं 'मुट्ठी बंद कीजिए' म्हटलं की गुरुजींची नस गोंधळायची, पण 'म्' आला की ती कधीच चुकत नव्हती. तरी शांत नस ऐकल्याशिवाय हाताला कळणार कसं, की आता काही करायचं नाही? त्यासाठी पाठ थोडा वेळ थांबवायला हवा होता.

"थांबवा ना, गुरुजी. थोडाच वेळ."

"अरे, जे मी करत नाही ते थांबवू कसं?"

आम्ही नाना उपाय केले. आकडे मोजायला लावले, तर आकड्यांच्या खालून पाठ चालूच. वर्तमानपत्र वाचायला दिलं, तर गुरुजी बातमी वाचत आणि नस वेद म्हणत होती. झोपेतली शांतता चालत नव्हती, जागेपणीची हवी होती. समितीची माणसं दुसऱ्या दिवशी यायची होती.

काकू इतका वेळ कोपऱ्यात डबा पुसत बसल्या होत्या. "मी सांगू का? हे माझं काही ऐकत नाहीत, जन्मभर जपच करत असतात. मी माहेरचं काही बोलायला लागले की हे डोळे मिटून बसतात. तेव्हा तर जप जास्तच असेल, पण करून बघा. तुमच्या मशीनला वेगळं काही दिसेल."

दुसरा उपाय नव्हता म्हणून आम्ही हो म्हणालो. काकूंनी पदर सारखा केला आणि सुरुवात केली. इंदूरची धाकटी बहीण, तिचा जावई, त्याने नवीन फ्लॅट घेतला, पण स्वयंपाकघर इतकं तंग की दोन बायका एकदम उभ्या राहू शकत नाहीत, आणि वर बहिणीला म्हणतो, आई, तुम्ही या राहायला. गुरुजींनी नेहमीप्रमाणे डोळे मिटले.

स्पीकर गप्प झाला.

रेषा सपाट. डॉ. मिश्रा वाकून बघू लागल्या. काकू बोलत होत्या आणि रेषा गंगेच्या पाण्यासारखी स्वच्छ पसरली होती. काकू थांबल्या तशी खरखर पुन्हा सुरू झाली. काकू परत बोलल्या. पुन्हा शांतता.

"म्हणजे काय झालं रे, विनू?" काकूंनी विचारलं.

"काकू, तुम्ही बोलायला लागलात की गुरुजींचा पाठ थांबतो. ते ऐकतात."

"थांबतो?"

"पूर्ण थांबतो. आकडे मोजताना नाही थांबला, पेपर वाचताना नाही थांबला. तुम्ही बोलल्यावर थांबतो."

काकूंनी स्क्रीनकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. त्यांचा चेहरा लग्न ठरलेल्या मुलीसारखा लाल झाला. पण काकू त्या काकूच. "मग उत्तर का नाही देत हो कधी?"

आम्ही सगळे गुरुजींकडे वळून बघू लागलो. गुरुजींना एवढ्या लोकांत बसून खोटं बोलता येत नव्हतं, आणि बोललेच असते तर त्यांची नस समोर स्पीकरला लावलेली होती.

"ऐकायचं असतं तेव्हा मी मधे बोलत नाही," गुरुजी म्हणाले.

समितीने तारा राहू दिल्या. गोड आवाजाच्या साहेबांनी विचारलं, शांत अवस्थेचं मोजमाप कसं घेतलंत? मी सांगितलं, मानक पद्धतीने.

हात बसला. एका मोटरचा, फक्त मिटतो आणि उघडतो. पहिले काही दिवस धमाल होती. गुरुजी भाजी आणायला गेले आणि मनातल्या पाठात 'म्' आला, तर हाताने कारल्याच्या ढिगातलं एक कारलं घट्ट धरलं आणि विसर्ग येईपर्यंत सोडलं नाही. भाजीवाली म्हणाली, "पंडितजी, लेना है तो लीजिए, दबाइए मत।" त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. हात हवा तेव्हाच चालू करता यावा म्हणून मनगटावर एक बटण बसवलं, आणि कुठे अडकलाच तर दुसऱ्या कोणालाही सोडवता यावा म्हणून गाडीच्या किल्लीएवढा एक रिमोट दिला. तो काकूंच्या कमरेला असायचा. गुरुजी जपाचं निमित्त करून डुलक्या घेत असले की काकू हात चालू करून बघत. बोटं हलली नाहीत तर म्हणत, "उठा आता, समजलं सगळं."

एक गोष्ट मात्र मला आजही खुपते. गुरुजींच्या नसेत नुसती मूठ नाही, अंगठा आणि तर्जनी जुळवणं आहे, करंगळी सोडणं आहे, सगळ्या खुणा आहेत. मला त्या सगळ्या ऐकू येतात. पण माझ्या हाताला दोनच शिकवता आल्या. निवृत्तीच्या दिवशी लोकांनी हार घातले, भाषणं केली, तेव्हा मी त्या राहिलेल्या बोटांचाच विचार करत होतो. वाईट वाटतं, ते वाटणारच.

पाठशाळा परत सुरू झाली त्या सकाळी मी गेलो होतो. रिमोट काकूंकडून मागून घेतला, म्हटलं पहिलाच दिवस आहे, काही अडलं तर जवळ असावा. मी मागे भिंतीला टेकून उभा राहिलो. पुढे पोरं मांडी घालून बसली होती. गुरुजींनी हात उचलला. वर, खाली, बाजूला. पोरांचे हात त्याच्या मागे वर, खाली, बाजूला. 'म्' आला आणि प्लॅस्टिकची मूठ मिटली. समोरच्या सगळ्या मुठी मिटल्या. एका पोराची राहिली, तर गुरुजींनी ती मिटलेली मूठ त्याच्या नाकासमोर नेऊन धरली आणि त्याची मिटेपर्यंत हलवली नाही. माझे डोळे भरून आले होते, तेवढ्यात हाक आली.

"विन्या, पुढे ये."

मी पुढे गेलो. गुरुजींनी हात वर केला, बोटांत माझा कान धरला आणि 'म्' म्हणाले. पकड बसली. पोरं खदखदली. पकडीचा जोर मीच बेतून दिला होता, अंडं फुटू नये इतका. कान अंड्यापेक्षा चिवट असतो, तरी दुखायचं तेवढं दुखलंच.

"ज्या मंत्रावरून पळालास तो म्हण."

"गुरुजी, आता कुठे..."

"म्हण."

मला वाटलं होतं, काहीच आठवणार नाही. पहिला शब्द उच्चारला आणि पुढचा आपोआप आला, त्याच्या मागून पुढचा. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते, एक शब्द बोलत नव्हते. मी शेवटच्या शब्दावर आलो, विसर्ग सोडला, आणि कानावरची बोटं अलगद उघडली.

त्या क्षणी मी वेदपाठ विसरून पुन्हा इंजिनिअर झालो. "गुरुजी! पाठ मी म्हटला आणि हात तुमचा उघडला! तुमची नस माझ्या मागून मनात..."

"आवाज बरा आहे," गुरुजी म्हणाले. "हात दाखव."

मी खाली बघितलं. माझा उजवा हात छातीपाशी, घट्ट मिटलेला. विसर्ग होऊन गेला तरी मिटलेलाच. गुरुजींनी डाव्या हाताने माझी बोटं एकेक करून उघडली. आत रिमोट होता. बटण दाबलं असतं तर कान केव्हाच सुटला असता, ते मला आठवलंच नव्हतं.

गुरुजींनी रिमोटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. या वेळी मूठ पुन्हा मिटून दिली नाही. तो उचलून खिडकीत ठेवला आणि माझा कान परत धरला.

"पहिल्यापासून," ते म्हणाले.

मी रिकामा हात वर घेतला आणि सुरुवात केली.